टायरचा सेन्सर आणि वर्गाची हजेरी



आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत बर्फ पडत नाही, त्यामुळे हिवाळ्याची चाकं वेगळी आणि उन्हाळ्याची वेगळी, असा प्रकार आपल्याकडे नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आपला चाकं बदलायचा मोसम म्हणजे मे महिन्याचा शेवट. पावसाआधी गुळगुळीत झालेले टायर काढायचे, पुढची चाकं मागे टाकायची, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यायचं. मग शाळा सुरू होते, घोडबंदर रोड नाहीतर कल्याण-शीळ रस्ता समोर असतो, आणि डॅशबोर्डवरचा टायरचा पिवळा दिवा एकतर उगाच लागून राहतो, किंवा लागायला हवा तेव्हा लागत नाही. यातला दुसरा प्रकार जास्त धोक्याचा.

आता हा दिवा लागतो कसा, ते पाहू. मुलांनाही सांगण्यासारखं आहे.

गाड्यांमध्ये दोन पद्धती असतात. पहिलीत प्रत्येक चाकाच्या आत, बहुतेक वेळा व्हॉल्व्हलाच जोडलेला, एक छोटा सेन्सर असतो. त्यात बॅटरी असते आणि त्याचा स्वतःचा एक क्रमांक असतो. गाडी चालू लागली की तो जागा होतो आणि रेडिओ लहरींवर हजेरी देतो : मी अमुक क्रमांक, दाब इतका, तापमान इतकं. गाडीच्या संगणकाकडे पट असतो. त्यात चार क्रमांक आणि कोण कुठल्या बाकावर बसतो, हे लिहिलेलं असतं.

चाकं पुढची मागे केली, म्हणजे मुलांनी जागा बदलल्या, पण बाईंच्या हातातला तक्ता जुनाच राहिला. मग हवा जाते मागच्या डाव्या चाकातली आणि स्क्रीन दाखवते पुढचं डावं. नवीन सेन्सर बसवला तर तो नवीन प्रवेश. पटावर नाव चढलं नाही, तर त्याची हजेरी कुणी ऐकतच नाही. आणि स्टेपनी लावली, तर बहुतेक गाड्यांत तिला सेन्सरच नसतो, म्हणून एक मुलगा कायम गैरहजर. (जाता जाता : ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनवून विकायला सुरुवात झाली.)

दुकानात ‘सेन्सर प्रोग्रॅम करावा लागेल’ असं सांगतात, त्याचे दोन अर्थ असतात. कोऱ्या सेन्सरमध्ये क्रमांक भरणं, हे एक काम. गाडीच्या पटावर ते क्रमांक जागेसकट नोंदवणं, हे दुसरं. नुसती चाकं फिरवली असतील तर पहिल्याची गरजच नाही. दुसरं काम काही गाड्या थोडा वेळ चालवल्यावर आपोआप करतात, काहींना स्क्रीनच्या मेनूतून सांगावं लागतं, काहींना उपकरण जोडावं लागतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ते पान असतं. पैसे देण्याआधी तेवढं वाचा.

दुसऱ्या पद्धतीत चाकात सेन्सर नसतोच. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी चाकाचा वेग मोजला जातो, तोच वापरतात. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याची फिरण्याची त्रिज्या घटते आणि तेवढ्याच अंतरात त्याला जास्त फेऱ्या घ्याव्या लागतात. गणिताच्या तासाला हे करून बघा. २१५/६० आर १६ या टायरचा व्यास येतो साधारण ६६४ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २.०९ मीटर आणि एका किलोमीटरला ४७९ फेऱ्या. त्रिज्या एक टक्का कमी झाली तर ४८४. या चार-पाच फेऱ्यांच्या फरकावरून गाडी ओळखते. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर मात्र साध्या प्रणालीला फरक दिसत नाही. मे महिनाभर गाडी सोसायटीत उभी ठेवून गावी गेलात, तर नेमकं हेच होऊ शकतं.

ओळखायचं कसं? स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसले तर साधारणपणे पहिली पद्धत. फक्त दिवा आणि ‘सेट’ असं बटण किंवा मेनू असेल तर दुसरी.

आता खरी गोम. ‘सेट’ दाबता तेव्हा गाडी असं समजते, की आत्ता टायरमध्ये आहे तोच योग्य दाब. ती स्वतः तपासत नाही. पंक्चर काढून आणलं, दिवा जात नव्हता, म्हणून कुणीतरी २६ पीएसआयवरच बटण दाबून टाकलं, तर गाडीच्या लेखी २६ हेच बरोबर उत्तर. आपण उत्तरपत्रिका तपासायला चुकीची आदर्श उत्तरपत्रिका घेऊन बसलो, तसं. म्हणून आधी हवा, मग बटण. हा क्रम उलटा चालत नाही.

आणि हवा भरायची ती टायर थंड असताना. शाळेत दाब आणि तापमानाचा नियम शिकवतो ना, तोच इथे. कल्याणहून ठाण्यापर्यंत चालवून आलात, टायरमधली हवा ३५ वरून ५० अंश सेल्सिअस झाली आणि तेव्हा गेजवर ३३ भरलं. टायर पुन्हा ३५ अंशाला आल्यावर किती? मुलं पटकन ३३ ला ३५/५० ने गुणतात आणि उत्तर काढतात २३. चूक. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं आणि गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे. ४७.७ गुणिले ३०८ भागिले ३२३, येतात ४५.५. त्यातून १४.७ वजा केले की ३०.८. दोन पीएसआयहून जास्त कमी, आणि गेज खोटं बोललेलं नाही!

दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना ही प्रणाली सक्तीची झाली. तिथल्या नियमात इशाऱ्याची मर्यादा शिफारस केलेल्या दाबापेक्षा २५ टक्के खाली अशी आहे. ३३ चा हिशेब केला तर जेमतेम २५. म्हणजे २७ वर चालणारा टायर दिव्याला चालतो, पण त्याच्या कडा झिजतात, तो जास्त तापतो. समृद्धी महामार्गाला लागणार असाल, तर आमणेला पोचून नाही, घरून निघतानाच दाब बघा.

दिव्याची भाषाही मुलांना शिकवा. सलग लागलेला, म्हणजे हवा कमी. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणेतच बिघाड किंवा एखादा सेन्सर गैरहजर.

आपल्याकडे २०२० साली केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी प्रणाली आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी नसलेली मोटारही चालते. अशी गाडी घेतली असेल, तर पंक्चरवाल्याला टायर काढण्याआधीच सांगा, की आत सेन्सर आहे. लिव्हर व्हॉल्व्हच्या बाजूने घातला की तो तुटतो. चाकं काढण्यापूर्वी कुठलं कुठे होतं ते खडूने लिहून ठेवा. योग्य दाबाचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही.

वर्गासाठी एक गणित देऊन ठेवतो : ठाण्यात ३५ अंशाला ३३ पीएसआय भरलं, गाडी नाशिकला गेली, थंडीतल्या पहाटे १० अंश. गेज किती दाखवेल? उत्तर २९ च्या आसपास यायला हवं.