लिंकनच्या साखळीतला मुलूख

अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून जे पत्र आपल्याकडच्या शाळांच्या भिंतींवर टांगलेले असते, ते वसंत बापटांच्या मराठीमुळे अनेकांना जवळजवळ पाठ आहे. गंमत अशी, की ते लिंकनने लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही. वर्गात हे सांगितले की मुले हिरमुसतात. मग मी त्यांना लिंकनच्या हातच्या दुसऱ्या, अगदी खऱ्या कागदांविषयी सांगतो. ते आहेत जमिनींचे आणि गावठाणांचे मोजणी-नकाशे. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होण्याच्या पाव शतक आधी हा माणूस इलिनॉय राज्यातल्या एका आडवळणाच्या मुलखात मोजणीदार होता. त्या मुलखाचा नकाशा डोळ्यांपुढे आणला, की गावे का वसतात आणि का उठतात, हे पुस्तकापेक्षा चांगले समजते.

हा मुलूख म्हणजे आजची मेनार्ड कौंटी. कौंटी म्हणजे जिल्हा खरा, पण आकाराने आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा, सुमारे ३१५ चौरस मैलांचा. मधून सँगमन नदी वळणे घेत उत्तरेकडे जाते आणि पुढे पश्चिमेला वळून इलिनॉय नदीला मिळते. नदीच्या आणि ओढ्यांच्या काठाने झाडी, आणि त्यापलीकडे नजर जाईल तिथवर गवत. हीच ती ‘प्रेअरी’. कुठे कुठे गवत माणसाच्या डोक्याच्याही वर जाई. खालची माती काळीभोर. आपली काळी रेगूर बसाल्ट खडकाच्या झिजेतून आली; तिथली मात्र हजारो वर्षे गवताची मुळे कुजून कुजून काळी झाली. रंग एक, कूळ वेगळे.

ही माती आज जगातल्या उत्तम मातींत मोजली जाते. पण १८२० च्या सुमारास केंटकी, टेनेसीकडून बैलगाड्या घेऊन आलेल्या कुटुंबांनी तिच्याकडे पाठ फिरवली! जिथे झाड उगवत नाही ती जमीन कसली, असा त्यांचा समज. शिवाय घर लाकडाचे, कुंपण लाकडाचे, चूल लाकडाची, आणि हिवाळ्यातल्या बोचऱ्या वाऱ्याला आडोसाही झाडांचाच. गवताच्या मुळांची वीण इतकी घट्ट, की पहिली नांगरट करायला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. त्यामुळे माणसे राईच्या कडेला बिलगून राहिली. वस्त्यांची नावेच पाहा: क्लेरीज ग्रोव्ह, लिटल ग्रोव्ह, आयरिश ग्रोव्ह, शुगर ग्रोव्ह. ग्रोव्ह म्हणजे राई. शुगर ग्रोव्हमध्ये ऊस नव्हता हो, मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून साखर करीत.

त्या राया रिकाम्या मात्र नव्हत्या. तिथे किकापू लोक राहत, शिकार करीत. १८१९ मध्ये एडवर्ड्सव्हिल येथे झालेल्या तहाने त्यांना मध्य इलिनॉयमधील आपला प्रदेश सोडून मिसिसिपीपलीकडे जायला लावले. मोजणीची साखळी आली ती त्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवायला हवा. ‘ओसाड माळ’ हे शब्द पुष्कळदा असेच तयार होतात.

मोजणीचा कायदा १७८५ चा. नदी, डोंगर, वाट काहीही असो, जमिनीवर चौकटी आखायच्या. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्यातला सोळावा शाळेसाठी राखीव. राईच्या नावाचा मुलूख बघता बघता आकड्यांचा झाला: टाउनशिप १८ उत्तर, रेंज ७ पश्चिम. वस्ती करून बसलेल्यांची घरे आधीची, रेषा मागाहूनच्या. त्यामुळे एकाच्या शेतातून रेषा गेली, तर दुसऱ्याची विहीर शेजाऱ्याच्या चौकटीत पडली. सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर. १८२० पासून निदान ८० एकर घ्यावे लागत, म्हणजे शंभर डॉलर रोख. १८३२ पासून ४० एकरही मिळू लागले. एवढे पैसे उभे करणे जमले नाही, तर दुसरा कुणी येऊन तुमची कसलेली जमीन विकत घेणार, ही टांगती तलवार होतीच.

साखळी होती ६६ फुटांची, शंभर कड्यांची. आपल्याकडच्या जुन्या मोजणीतली शंकू-साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. अर्थात लिंकनची एक चौरस साखळी म्हणजे बरोबर आपले चार गुंठे! दोन्ही साखळ्या इंग्रजी मापाच्याच. लिंकन सँगमनकाठी साखळी ओढत होता, त्याच सुमारास, १८३५ मध्ये, गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी इंदापूर तालुक्यात मुंबई इलाख्याच्या नव्या जमीन-मोजणीला हात घालीत होते. चाळीस गुंठ्यांचा एकर आपण आजही बोलतो तो त्या काळाचा वारसा. फरक इतकाच, की आपल्याकडे गावे आधीची होती आणि साखळी त्यांच्या शेतांच्या बांधांमधून वाट काढीत गेली; तिकडे साखळीने आधी चौकट आखली आणि रस्ते, बांध पुढे त्या चौकटीत बसले.

लिंकन या कामाला लागला तो हौसेने नव्हे. न्यू सेलम गावात भागीदारीत काढलेले त्याचे दुकान बुडाले होते, डोक्यावर कर्ज होते. कौंटीचे मोजणी अधिकारी जॉन कॅल्हून यांना मदतनीस हवा होता. लिंकनने उसनी पुस्तके घेऊन त्रिकोणमिती घोटली आणि १८३४ च्या आरंभी काम सुरू केले. एका सुरुवातीच्या मोजणीचा मेहनताना म्हणून त्याला हरणाची दोन कातडी मिळाली. शेजारच्या बाईने ती त्याच्या विजारीवर शिवून दिली, काट्याकुट्यात उपयोगी पडावीत म्हणून. पुढे जुन्या कर्जापायी त्याचा घोडा आणि मोजणीची उपकरणे जप्त होऊन लिलावात निघाली. जेम्स शॉर्ट नावाच्या शेतकऱ्याने ती बोलीत घेतली आणि मुकाट्याने लिंकनला परत केली. या शॉर्टचा पुतळा कुठे आहे की नाही, मला ठाऊक नाही, असायला हवा.

आता न्यू सेलमची गोष्ट. जेम्स रटलेज आणि जॉन कॅमरन यांनी सँगमनवर बांध घालून पिठाची आणि लाकूड कापण्याची गिरणी काढली, आणि १८२९ मध्ये वरच्या टेकाडावर गावठाण आखले. दळण घेऊन लांबून शेतकरी येत, म्हणून दुकान, लोहार, पिंपे बनवणारा असे सगळे जमले. भरभराटीच्या काळातही घरे पंचवीसच्या आसपास. १८३१ च्या एप्रिलमध्ये लिंकनची मालाची होडी याच बांधावर अडकली. पुढच्या टोकाला भोक पाडून त्याने आत शिरलेले पाणी काढून टाकले आणि होडी पार केली. त्याची आणि गावाची ओळख झाली ती अशी.

साऱ्या गावाची आशा एकच: नदीतून आगबोटी येतील. १८३२ च्या मार्चमध्ये ‘टॅलिस्मन’ नावाची बोट खरोखरच आली. लिंकन आणि इतर माणसे कुऱ्हाडी घेऊन काठावरच्या लोंबत्या फांद्या तोडीत तिच्यापुढे चालली होती. बोट स्प्रिंगफील्डजवळ पोचली, जल्लोष झाला. तेवढ्यात पाणी उतरू लागले. परतताना तिला वाट देण्यासाठी न्यू सेलमच्या बांधाचा काही भाग फोडावा लागला. ज्या बांधावर गाव जगत होते तोच बोटीच्या आड आला. नदीने एकाच वेळी दोन्ही कामे करायला नकार दिला. त्याच महिन्यात निवडणुकीला उभ्या राहिलेल्या लिंकनने आपल्या जाहीरनाम्यात नदीची वळणे कापून ती सरळ करण्याचा विचार मांडला, कारण रेल्वेचा अंदाजित खर्च २,९०,००० डॉलर त्याला आवाक्याबाहेरचा वाटला. मोजणीदार होण्याआधीच त्याला सरळ रेषेची भूल पडली होती, असे म्हणायला हरकत नाही! नदी वळत राहिली. बोटींचा व्यापार काही आला नाही.

दोनएक मैलांवर, नदीकाठच्या सखल जागी पीटर्सबर्ग वाढत होते. १८३६ मध्ये त्याची मोजणी करून नकाशा काढला तो लिंकननेच. तिथे अशी आठवण सांगतात, की रेषा सरळ धरली तर एका विधवेचे घर रस्त्यात जात होते, म्हणून त्याने मोजणी मुद्दाम किंचित वाकडी केली. खरेखोटे कुणी पडताळावे? त्याच वर्षी न्यू सेलमचे टपाल कार्यालय पीटर्सबर्गला गेले. तीन वर्षे त्या कार्यालयाचा पोस्टमास्तर लिंकनच होता. १८३७ मध्ये तो स्प्रिंगफील्डला राहायला गेला. १८३९ मध्ये सँगमन कौंटी तोडून मेनार्ड कौंटी निर्माण झाली, तेव्हा विधिमंडळात सँगमनचा एक प्रतिनिधी म्हणून लिंकन होता. नव्या कौंटीचे ठाणे अर्थातच पीटर्सबर्ग. कोर्ट तिथे, नोंदी तिथे, वकील तिथे. १८४० पर्यंत न्यू सेलमच्या टेकाडावर घरांची जोती तेवढी उरली.

प्रेअरीचे नशीब त्यानंतर पालटले. इलिनॉयमध्येच जॉन डिअरने १८३७ मध्ये चिकट माती न धरणारा पोलादी फाळाचा नांगर केला होता. पुढे काटेरी झुडपांची कुंपणे आली, १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट निघाले, पाणथळ जमिनीत भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरून पाणी काढले गेले. राई सोडून माणसे गवतात उतरली आणि शतक संपेतो गवतच नाहीसे झाले. चौकटी राहिल्या, विमानातून त्या आजही दिसतात.

न्यू सेलमचे लोक जाताना काही घरे सुटी करून ओंडक्यांसकट पीटर्सबर्गला घेऊन गेले. रटलेजची मुलगी अ‍ॅन १८३५ च्या ऑगस्टमध्ये तापाने गेली होती. लिंकनचे तिच्यावर प्रेम होते असे सांगतात. तिला जुन्या कॉन्कॉर्ड दफनभूमीत पुरले होते. १८९० मध्ये तिचे अवशेषही उकरून पीटर्सबर्गच्या स्मशानभूमीत नेण्यात आले. पुढे गावाची जागा सरकारकडे आली आणि १९३० च्या दशकात जुन्या जोत्यांवर लाकडी घरे पुन्हा उभारण्यात आली. त्यांत मूळची वास्तू एकच आहे, हेन्री ऑन्स्टॉटचे पिंपे बनवण्याचे दुकान. ते १८४० मध्ये पीटर्सबर्गला गेले होते आणि १९२२ मध्ये आपल्या जागी परत आले.