परसातले हिरवे मैदान आणि मुलांचे तळपाय

गेल्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास एक निवृत्त गुरुजी आपल्या नऊ वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन दवाखान्यात आले. मुलाच्या दोन्ही तळपायांना टरटरून फोड आले होते. "डांबरी रस्त्यावर अनवाणी गेला होता काय?" मी विचारले. गुरुजी म्हणाले, "नाही हो डॉक्टर, घरच्याच मैदानावर खेळत होता. त्याच्यासाठी तर मुद्दाम करून घेतले."

गुरुजींनी परसात चाळीस बाय वीस फुटांचे कृत्रिम हिरवळीचे मैदान, म्हणजे सगळे ज्याला 'टर्फ' म्हणतात ते, बसवून घेतले होते. नातवाने मोबाईल सोडून चार मित्रांबरोबर खेळावे, हा हेतू. जागा पुरेना म्हणून मधला जुना कडुलिंब तोडला. बुटांनी टर्फ फाटेल या भीतीने मुलांना अनवाणी खेळायला सांगितले. हेतू चांगला, पैसाही कष्टाचा. चूक एवढीच झाली, की हिरवे दिसते ते गवतच, असे धरून चालले.

हल्ली तालुक्याच्या गावीही भाड्याने मिळणारी टर्फ झाली आहेत आणि ऐपत असलेली मंडळी ती घरीही बसवू लागली आहेत. म्हणून हा विषय.

गवत थंड का, टर्फ गरम का?

जिवंत गवत मुळांवाटे पाणी ओढते आणि पात्यांवाटे ते वाफ करून सोडते. आपल्याला घाम आल्यावर गार वाटते, तसाच हा प्रकार. प्लॅस्टिकच्या पात्यांना ही सोय नाही. ती ऊन शोषतात आणि तापत राहतात. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली केलेल्या मोजणीत टर्फचा पृष्ठभाग डांबरापेक्षाही सुमारे २० अंश सेल्सिअसने अधिक तापलेला आढळला. पाणी मारल्यावर तो निवला, पण काही मिनिटांतच पुन्हा तापू लागला.

साठ अंशांच्या पुढे तापलेल्या जागेवर काही सेकंदांतच कातडी भाजू शकते. आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांतील दुपार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या मुलाचे काय झाले ते कळेल.

बसवण्यापूर्वी

पहिली गोष्ट, झाड तोडू नका. मैदान चार फूट लहान झाले तरी चालेल. सावली नसेल तर वर शेडनेट बांधा. त्याचे खांब मैदानाच्या हद्दीबाहेर घ्या आणि त्यांना फोम गुंडाळा. धावत येणारे मूल खांबावर आदळून दात पाडून घेते.

दुसरी गोष्ट, पाण्याचा निचरा. माती चोपून, त्यावर खडी आणि बारीक कच अंथरून, रूळ फिरवून पाया करावा. उतार साधारण शंभर फुटांना एक फूट असावा. सिमेंटच्या कोब्यावर टर्फ घालायचे असल्यास उतार आणि पाणी बाहेर पडायची वाट आधीच ठेवा. निचरा नसेल तर पावसाळ्यात कडेच्या खळग्यांत पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. कोब्यावर आपटून गुडघे दुखावतात, म्हणून टर्फखाली धक्का शोषणारा फोमचा थर घ्यावा.

तिसरी गोष्ट, पात्यांमध्ये भरायचा माल. काही ठिकाणी जुन्या टायरचे काळे रबरी दाणे भरतात. त्यांनी कर्करोग होतो, अशी भीती अनेकांना वाटते. आजवरच्या पाहण्यांत तसा ठोस संबंध दिसलेला नाही. मात्र हे दाणे उष्णता वाढवतात, लहान मुले ते तोंडात घालतात आणि पावसाबरोबर ते गटारात, नदीत जातात. युरोपीय संघाने २०२३ साली अशा प्लॅस्टिकच्या व रबरी दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा निर्णय घेतला असून ती २०३१ पासून लागू व्हायची आहे. घरच्या मैदानाला धुतलेली वाळू पुरते. ती पसरताना धूळ उडते, तेव्हा तोंडाला फडके बांधावे व मुलांना लांब ठेवावे.

खेळताना

उन्हाळ्यात सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच खेळू द्या. खेळण्याआधी हाताची पालथी बाजू टर्फवर सात सेकंद ठेवून पाहा. ठेववत नसेल तर मैदान बंद! पायात सपाट रबरी तळाचे बूट हवेत. लांब खिळ्यांचे बूट पात्यांत अडकतात आणि गुडघा पिरगळतो. दर वीस मिनिटांनी मुलांना हाक मारून पाणी प्यायला लावा. खेळाच्या नादात त्यांना तहान कळत नाही.

कुत्र्या-मांजरांची घाण मातीत जिरून जाते, टर्फवर ती तशीच राहते. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी मैदान धुवावे.

काही झालेच तर

भाजल्यास तो भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नका. फोड फोडू नका. तळपाय, हात किंवा चेहरा भाजला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

टर्फवर घसरल्यास कातडी सोलवटते. अशी जखम किरकोळ दिसली तरी साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, अडकलेली वाळू काढा. धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते पाहा. सरकारी वेळापत्रकात ५, १० आणि १६ व्या वर्षी तिचे डोस आहेत. लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर थांबू नका.

खेळता खेळता मूल बरळू लागले, अंग चटका बसण्याइतके तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. सावलीत आणा, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्या मुलाला पाणी पाजू नका.

एवढे वाचून मैदानच नको, असे म्हणू नका. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास घाम निघेल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मातीवर झाले तर फुकट आणि उत्तम. टर्फवर झाले तरी हरकत नाही, काळजी मात्र दुप्पट हवी.

गुरुजींच्या नातवाचे पाय तीन आठवड्यांत बरे झाले. आता मैदानावर शेडनेट आहे, दाराशी बुटांचा खण आहे आणि दुपारी फाटकाला कुलूप असते. परवा गुरुजी रक्तदाब तपासायला आले होते. म्हणाले, "डॉक्टर, कडुलिंबाचे रोप लावले आहे. पण त्याची सावली पडेस्तोवर नातू कॉलेजात गेलेला असेल."

तुमच्या परसात झाड असेल, तर मैदान त्याच्या कडेने आखा.