अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट

मावशीने कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिला, तेव्हा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. डायनिंग टेबलावर वेबकॅमसमोर फोटो झाला, आधार क्रमांक टाकला, आणि गाडी अडली ती मावशीच्या अंगठ्यावर. आयुष्यभर कणीक मळून रेषा पुसट झालेल्या, मशीन ओळखेना. उजवा झाला, डावा झाला, शेवटी ओल्या रुमालाने पुसलेलं मधलं बोट लागलं. तेवढ्या वेळात तिने छापील मसुदा वाचून काढला होता. ''अरे, यात भाडेकरू हा शब्दच नाही. भाडंही नाही. 'लायसन्स फी' काय?'' एजंट म्हणाला, ''काकू, तसंच असतं.''

तसंच का असतं, याचं उत्तर १९४७ सालच्या मुंबई भाडे कायद्यात आहे. त्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही असं संरक्षण दिलं. मालकांना जागा रिकामी ठेवणं परवडेना आणि भाडेकरू ठेवण्याची छाती होईना. मग वकिलांनी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातलं एक कलम धुंडाळलं. त्यात 'लायसन्स' म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीत काही करण्याची नुसती मुभा. त्या मिळकतीत हक्क कसलाच निर्माण होत नाही. अशा कराराचं नाव 'लिव्ह अँड लायसन्स', आणि त्यातला लिव्ह म्हणजे हीच मुभा. सोडून जाण्याशी त्याचा संबंध नाही, त्याचा अर्थ परवानगी. भाडेपट्ट्यात जागेतला हितसंबंध भाडेकरूकडे जातो, लायसन्समध्ये तो मालकाकडेच राहतो. म्हणून अशा करारांत 'कायदेशीर ताबा मालकाचाच' असं वाक्य असतं, आणि बऱ्याचदा एक किल्ली मालकाकडे राहील असंही.

अर्थात, वर 'लायसन्स' छापलं की काम झालं असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्सच्या प्रकरणात सांगितलं की कागदाचं नाव नाही, व्यवहाराचं खरं रूप आणि दोघांचा हेतू पाहायचा.

मालकांना मोठा दणका बसला तो १९७३ मध्ये. भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर निदान एका खोलीत राहत असलेला माणूस कायद्याने भाडेकरू ठरला. रात्री लायसन्सी म्हणून झोपलेला सकाळी संरक्षित भाडेकरू म्हणून उठला! जुन्या मुंबईकर घरमालकांच्या बोलण्यात जागा देण्याची जी धास्ती अजून जाणवते, तिचं मूळ बरंचसं या तारखेत आहे.

अकरा महिन्यांचा आकडा आला वेगळ्या वाटेने. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांचा केला की रजिस्ट्रारकडे जायला नको, हे गणित भाडेपट्ट्याचं. लोकांनी ते लायसन्सलाही लावलं. महाराष्ट्रात ते केव्हाच मोडीत निघालं आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा असं ठरवलं. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत जागेत राहणारा सांगेल ते ग्राह्य. खोडून काढायचं ओझं मालकावर. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही 'स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू' म्हणणारे भेटतात. माझ्या मते त्यात सगळ्यात मोठा धोका मालक स्वतःच पत्करतो.

बरं, वाचतं किती? मावशीचाच हिशेब घ्या. महिना २४,००० रुपये, परतीची अनामत १,२०,०००, मुदत २४ महिने. दोन वर्षांची फी झाली ५,७६,०००. अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी व्याज धरायचं, म्हणजे दोन वर्षांचे २४,०००. बेरीज ६ लाख. मुद्रांक शुल्क तिच्या ०.२५ टक्के, म्हणजे १,५००. नोंदणी फी शहरात १,०००. वर किरकोळ शुल्क आणि एजंटची फी. ०.२५ टक्क्यांचा हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार केले, तर नोंदणी फी आणि एजंट दोन्ही दोनदा, आणि मावशीच्या अंगठ्याची झटापटही दोनदा.

नोंदणीचा खरा मोबदला मुदत संपल्यावर कळतो. राहायला दिलेल्या जागेसाठी कलम २४ आहे: माणूस मुदतीनंतर हलला नाही, तर मालक न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. लेखी करारात जे लिहिलं आहे ते तिथे निर्णायक पुरावा. समोरच्याला बाजू मांडायची तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी घ्यावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचे पैसे दुप्पट दराने. दुकान किंवा ऑफिसच्या गाळ्याला ही वाट नाही.

राहणाऱ्यानेही काही गोष्टी पाहाव्यात. लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही, म्हणजे पोटभाडेकरू ठेवता येत नाही. आणि मालकाने मधेच फ्लॅट विकला, तर सुविधाधिकार कायद्याप्रमाणे नवा मालक त्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. त्यामुळे विक्री झाल्यास किती दिवसांची नोटीस आणि अनामत कोण परत करणार, हे करारातच लिहून घेतलेलं बरं. लॉक-इनचं, म्हणजे ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही त्याचंही तसंच: तो दोघांनाही लागू आहे की एकालाच, हे त्या एका ओळीत नीट पाहा. मावशीच्या मसुद्यात तो फक्त राहणाऱ्या मुलाला होता. तिने स्वतःच पेन घेतलं, पण एजंटने हात आडवा केला. लॅपटॉपवर ओळ बदलली, दोघांना पुन्हा वाचून दाखवली आणि मग तिला म्हणाला, ''काकू, आता परत एकदा बोट.''