चार कांड्या आणि गोठलेले सर

आषाढातली एखादी सकाळ डोळ्यांसमोर आणा. गोव्यातल्या इब्रामपूरच्या एका घराच्या कौलांवर पाऊस असा कोसळतोय की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. पदवीच्या वर्गातली मुलगी खिडकीच्या गजाला मोबाईल टेकवून ऑनलाइन तासाला बसली आहे. आधी सरांचा आवाज तुटक, किरटा होतो. मग सर गोठतात. तोंड अर्धं उघडं, एक हात हवेत. आतून आजी निकाल देते, ‘पाऊस लागला, रेंज गेली!’

मुलगी पडद्याच्या कोपऱ्यात बघते. रेंजच्या चारही कांड्या भरलेल्या.

कांड्या खोटं बोलत नाहीत. रेंज खरोखरच शाबूत आहे. मग तास अडला कुठे?

मोबाईल आणि टॉवर यांच्यात ज्या लहरी धावतात, त्यांची लांबी बरीच मोठी. १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची साधारण १७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. पावसाचा मोठ्यातला मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरचा. एवढ्याशा थेंबाची वीतभर लहर दखलही घेत नाही. धो-धो पावसातसुद्धा किलोमीटरमागे तिची शक्ती एक टक्काही घटत नाही. ओली गच्च झाडी तिला थोडी शोषते, नुसता पाऊस जवळपास नाहीच.

आता पाऊस उघडल्यावर टॉवरकडे नीट बघा. उभ्या, लांबट पट्ट्या दिसतात, त्या तुमच्या-आमच्या फोनशी बोलतात. त्यांच्या आसपास ढोलासारखे पांढरे गोल बसवलेले असतात. ते फोनशी बोलतच नाहीत, ते बोलतात पुढच्या टॉवरवरच्या ढोलाशी. जिथे फायबरची केबल पोचलेली नाही, तिथे गावाचं सगळं बोलणं आणि सगळे तास या ढोलांमधूनच डोंगरापलीकडे जातात. ढोलांची लहर मात्र आखूड. २३ गिगाहर्ट्‌झला ती जेमतेम १.३ सेंटिमीटर भरते. थेंब आणि लहर इथे जवळपास एकाच मापाचे होतात, आणि थेंब लहरीला गाठतो. काही शक्ती गिळतो, काही दिशाहीन उधळतो. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असेल, तर दर किलोमीटरला पाचातला एकच भाग पुढे सरकतो. दोन किलोमीटरला पंचविसातला एक, तिसऱ्याला सव्वाशेतला एक! छपरावरची टीव्हीची छत्री मुसळधार पावसात चित्र हरवते, त्यामागेही हेच कारण.

म्हणजे पाऊस मुलगी आणि टॉवर यांच्यामध्ये आलेलाच नाही. तो आलाय टॉवर आणि जगाच्या मध्ये.

गंमत इथे संपत नाही. पावसाचा थेंब चित्रात आपण अश्रूसारखा काढतो. प्रत्यक्षात मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, पावासारखा. आडवा पसरलेला असल्यामुळे तो आडव्या डोलणाऱ्या लहरीला जास्त खातो, उभ्या डोलणारीला कमी. म्हणून लांबच्या पल्ल्याला अभियंते शक्यतो उभी डोलणारी लहर वापरतात. थेंबाचा आकार असा टॉवरच्या आखणीत जाऊन बसला आहे.

आणि हीच अडचण उलटी धरली तर? लहर किती विझली ते कळलं, की मधे पाऊस किती होता तेही काढता येतं. तेल अवीव विद्यापीठाच्या हगित मेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हे दाखवून दिलं. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोबाईल टॉवरांच्या सुमारे २,४०० जोडण्यांवरून देशभराच्या पावसाचे नकाशे काढले. वेगळं पर्जन्यमापक न बसवता!

सगळा दोष थेंबाचाही नाही. मोठा चोर वारा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं तारांवर पडली, खांब मोडले आणि कित्येक गावं काही दिवस अंधारात राहिली. वीज गेली की घरातला वाय-फाय लगेच मान टाकतो. टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, पुढे सगळी मदार जनरेटरच्या डिझेलवर, आणि रस्त्यात झाड आडवं असेल तर डिझेल पोचायचं कसं? फायबरमधल्या प्रकाशाला पावसाचं भय नाही, पण विजेच्या खांबांवरून ओढलेली केबल फांदीबरोबर तुटतेच. त्यात नदी. तिळारीचं पाणी गोव्यात शापोरा होऊन उतरतं. ते फुगलं की काठच्या गावांत पुस्तकांआधी भांडीकुंडी माळ्यावर चढवावी लागतात. तेव्हा हजेरी कोण लावणार?

शेजारच्या सिंधुदुर्गातली गोष्ट तर अनेकांना आठवत असेल. २०२० च्या पावसाळ्यात कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावची, मुंबईत पशुवैद्यक शिकणारी मुलगी रेंजसाठी डोंगरावर जायची. भावांनी तिला तिथे झोपडी उभारून दिली आणि भर पावसात त्या झोपडीत तिचे तास चालले. तिच्या घरात चार कांड्यासुद्धा नव्हत्या.

दोन ढोलांमधली जोडणी आखताना अभियंता पावसासाठी जादा शक्ती राखून ठेवतो. तरी तो शंभर टक्क्यांची हमी देत नाही. ९९.९९ टक्के वेळ चालेल असं गणित मांडलं, तर उरतात वर्षाची साधारण ५३ मिनिटं. जवळपास एका तासिकेएवढी! आणि ती सावकाश वर्षभर विखुरत नाहीत, नेमकी सर्वांत मोठ्या सरींच्या वेळी येतात. अभियंत्याने पावसाला हिशेबात धरलं आहे. वेळापत्रकानेही धरावं. तासाचं ध्वनिचित्रमुद्रण ठेवावं, ऑनलाइन परीक्षेला दुसरी वेळ द्यावी, हजेरीला थोडी सवलत असावी.

कारण सर गोठले त्या क्षणी डोंगरावर पाऊस किती जोराचा होता, याची खूण टॉवरच्या नोंदीत उमटलेली असते. हजेरीपटावर मात्र त्याच मिनिटासमोर लिहिलेलं असतं, गैरहजर.