31 जानेवारीचे तीन मानकरी आणि बेसबॉलचे सत्तरचे दशक

अमेरिकी बेसबॉलच्या दिनविशेषांत 31 जानेवारीइतकी भाग्यवान जन्मतारीख क्वचितच सापडते. 1919 मध्ये जॉर्जिया राज्यातील कैरो या गावी जॅकी रॉबिन्सन, 1931 मध्ये टेक्सासमधील डॅलस येथे एर्नी बँक्स आणि 1947 मध्ये त्याच राज्यातील रेफ्युजिओ येथे नोलन रायन असे तिघे या दिवशी जन्मले आणि तिघांनाही पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे या खेळातील सर्वोच्च मानाच्या नामावलीत, स्थान मिळाले. तारखेचा हा मेळ योगायोगाचा आहे. परंतु सत्तरच्या दशकात या तिघांची आयुष्ये ज्या रीतीने परस्परांशेजारी येतात, त्यामागे मात्र इतिहासाची संगती आहे. रायन जन्मले त्याच वर्षी रॉबिन्सन यांनी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून सहा दशकांहून अधिक काळ कृष्णवर्णीयांना बंद असलेले मेजर लीगचे, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च स्तराचे, दार उघडले आणि 1953 मध्ये त्याच दारातून बँक्स शिकागो कब्जच्या संघात आले. विशेष म्हणजे दोघेही कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्वतंत्र लीगमधील कॅन्सस सिटी मोनार्क्स या एकाच संघात घडले होते.

दशकाच्या आरंभी, 12 मे 1970 रोजी, शिकागोच्या रिग्ली फील्डवर बँक्स यांनी कारकिर्दीतील 500वा होम रन मारला. होम रन म्हणजे ज्या फटक्यावर फलंदाज चारही बेस पार करून स्वतः धाव पुरी करतो तो फटका. बहुधा त्यात चेंडू थेट कुंपणापलीकडे जातो. पुढच्याच वर्षी 512 होम रन नावावर ठेवून ते निवृत्त झाले, मात्र वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेचा, एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही.

रायन यांचा बहर याच सुमारास सुरू झाला. फलंदाजाला तीन स्ट्राइकमध्ये बाद करणे म्हणजे स्ट्राइकआउट, आणि एका हंगामात असे 382 बळी घेण्याचा आधुनिक काळातील विक्रम सँडी कोफॅक्स यांनी 1965 मध्ये केला होता. 27 सप्टेंबर 1973 रोजी, हंगामातील आपल्या अखेरच्या सामन्यात, कॅलिफोर्निया एंजल्सच्या रायन यांना तो मोडण्यासाठी 16 बळी हवे होते. नऊ डावांत निकाल न लागल्याने सामना लांबला आणि अकराव्या डावात मिनेसोटाचे रिच रीस बाद होताच 383 हा आकडा पुरा झाला. या विक्रमाचे मोल ठरवताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती अशी की अमेरिकन लीगने त्याच वर्षी चेंडू टाकणाऱ्या पिचरऐवजी केवळ फलंदाजी करणारा ‘डेझिग्नेटेड हिटर’ आणला होता. त्यामुळे कोफॅक्स यांना मिळत असलेले पिचरचे सोपे बळी रायन यांना मिळत नव्हते.

तरीही या दशकातील सर्वांत मोलाची घटना आकड्यांच्या कोष्टकात सापडत नाही. 15 ऑक्टोबर 1972 रोजी, सिनसिनाटी येथे वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यापूर्वी, पदार्पणाला पंचवीस वर्षे झाल्याबद्दल रॉबिन्सन यांचा सत्कार झाला. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेली असतानाही त्यांनी आभाराबरोबरच एखाद्या संघाची सूत्रे कृष्णवर्णीय मॅनेजरच्या हाती दिसावीत, अशी इच्छा स्पष्ट शब्दांत बोलून दाखवली आणि त्यानंतर नवव्या दिवशी, वयाच्या 53व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मैदानावरील डावपेच ठरवणाऱ्या या पदावर मेजर लीगमध्ये तोवर एकही कृष्णवर्णीय नेमला गेला नव्हता. पुढे 8 मे 1973 रोजी सॅन डिएगोविरुद्धच्या सामन्यात पंचांनी कब्जचे मॅनेजर व्हाइटी लॉकमन यांना बाहेर काढले, तेव्हा प्रशिक्षक असलेल्या बँक्स यांनी उरलेला सामना सांभाळला आणि बाराव्या डावात संघ जिंकला. ही नेमणूक नव्हती, आणि म्हणून प्रथमपणाचा अधिकृत मान त्यांना दिला जात नाही. पण रॉबिन्सन यांनी मागितलेले दृश्य त्यांच्याच जन्मतारखेच्या माणसाने, थोडा वेळ का होईना, दाखवले, याची नोंद 500व्या होम रनच्या आधी व्हायला हवी.

अधिकृत नेमणूक क्लीव्हलँडने केली. 8 एप्रिल 1975 रोजी फ्रँक रॉबिन्सन खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी नात्याने मैदानात उतरले. सामन्यापूर्वीचा मानाचा पहिला चेंडू जॅकी यांच्या पत्नी रेचल यांनी टाकला, आणि डेझिग्नेटेड हिटर म्हणून आलेल्या फ्रँक यांनी आपल्या पहिल्याच पाळीत यांकीजविरुद्ध होम रन मारला.