दोन धावांमधील विश्रांतिकाल

लांब पल्ल्याच्या धावकाने किती मीटर, किती वेळा व किती वेगाने धावावे याची चर्चा पुष्कळ होते; दोन धावांच्या मध्ये जो अवकाश राहतो त्याची मात्र फारशी होत नाही. वस्तुतः 'इंटरव्हल' ही संज्ञा त्या अवकाशाचीच आहे, धावेची नव्हे.

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर व हृद्रोगतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी हा अवकाश मोजून-मापून बांधला. गेर्श्लर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापून जागतिक उच्चांक प्रस्थापित केला होता. त्यांचा नियम असा : आखूड धावेने नाडी मिनिटास सुमारे १८० ठोक्यांपर्यंत चढवावी आणि ती १२० ते १२५ पर्यंत उतरताच पुढील धाव घ्यावी. हे उतरणे ९० सेकंदांत झाले नाही, तर धाव अतिवेगाची किंवा अतिलांब झाली असे समजावे. विश्रांती ही अशा रीतीने सरावाची परीक्षकच झाली.

राइन्डेल यांच्या मते नाडी उतरत असता हृदयाच्या दर ठोक्यास अधिक रक्त बाहेर पडते, आणि म्हणून हृदयाची वाढ विश्रांतीतच होते. उपपत्ती मोहक खरी. पण ती आज जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. प्रत्यक्ष धावतानाही दर ठोक्याचे रक्त विपुलच असते.

शिवाय, नाडी उतरली म्हणजे स्नायू सावरला असे नव्हे. नाडीचा प्रारंभीचा उतार मुख्यतः मज्जासंस्थेच्या अधीन असतो. स्नायूतील क्रिएटिन फॉस्फेटचा निम्मा साठा अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरून येतो, उरलेल्यास काही मिनिटे लागतात. रक्तातील लॅक्टेट ओसरावयास तर त्याहूनही पुष्कळ अधिक वेळ लागतो. त्यातच वैशाखातील उन्हात त्वचेकडे रक्त वळल्यामुळे नाडी रेंगाळते. तेव्हा १२० हा आकडा सर्व ऋतूंत एकच अर्थ सांगत नाही.

१९६० साली स्वीडिश संशोधकांनी एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. तासाभरातील एकूण काम तेच, श्रम व विश्रांती समसमान. फरक एवढाच की तुकडे कधी अर्ध्या मिनिटाचे, कधी तीन मिनिटांचे. आखूड तुकड्यांत लॅक्टेट अल्प राहिले; लांब तुकड्यांत व्यक्ती जवळजवळ थकून गेली. विश्रांतीचे प्रमाण तेवढे सांगून भागत नाही, ते यावरून स्पष्ट होते.

विश्रांती कशी घ्यावी हाही प्रश्न आहेच. झाटोपेक २०० मीटर सावकाश धावत विसावा घेई. अशा हलक्या हालचालीने लॅक्टेट लवकर ओसरते. परंतु अगदी आखूड विश्रांतीत तीच हालचाल स्नायूला मिळू पाहणारा प्राणवायू खर्ची घालते. रॉजर बॅनिस्टर याने १९५४ च्या विक्रमापूर्वी ४४० यार्डांच्या दहा धावांमधील दोन मिनिटांचा अवकाश कायम ठेवून वेग वाढविला. कित्येक प्रशिक्षक याउलट वेग कायम ठेवून अवकाश घटवितात. हे दोन निरनिराळे सराव होत, आणि प्रबंधांतील कोष्टकांत ते एकाच शीर्षकाखाली घालणे गैर आहे. विश्रांतीचे सेकंद, चालत की धावत की स्तब्ध, आणि त्या वेळचे तापमान, एवढ्या नोंदी तरी प्रत्येक कोष्टकात असावयास हव्यात.