मनगटाचे वय आणि प्रशिक्षकाचा शब्द

टेंभी नाक्याच्या परिसरातील माझ्या दवाखान्यात खेळाडू मुलांचे काही पालक वय कमी दाखविणारा दाखला मागतात. ‘सरांनीच सुचविले,’ अशी पुस्तीही जोडतात.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळ किशोर खेळाडूंचे वय डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून पडताळते. परंतु हाड परिपक्वता सांगते, जन्मतारीख नव्हे. लवकर वयात आलेला प्रामाणिक मुलगाही तेथे अपात्र ठरू शकतो. यास्तव प्रशिक्षकाच्या सचोटीला पर्याय नाही. वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चेची वृद्धिपट्टी नाजूक असते. वय चोरलेल्या थोराड मुलाच्या धडकेची किंमत समोरचा खराखुरा चौदा वर्षांचा मुलगा मोजतो. 2015 मध्ये राहुल द्रविड यांनी पतौडी स्मृती व्याख्यानात या प्रकारावर कठोर टीका केली होती.

नाक्याजवळ मासुंदा तलावाकाठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. तेथील भाविकांस संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातील, नियम पाळणारा मल्ल परिचित असेल. मला मात्र एरिक लिडेल अधिक जवळचा वाटतो. रविवार प्रभूचा म्हणून त्याने 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील 100 मीटरची शर्यत सोडली आणि 400 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. पुढे चीनमधील जपान्यांच्या बंदीछावणीत तो मुलांचे खेळ घेई. रविवारी मात्र नाही. पंचाविना हॉकी खेळताना मुले हातघाईवर आली, तेव्हा तो रविवारीही पंच म्हणून उभा राहिला. पदकासाठी न मोडलेला नियम त्याने मुलांसाठी मोडला.

स्पर्धेच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पालकांनी जन्मतारखेचा रकाना स्वतः वाचावा आणि तो कोणी भरला, हे प्रशिक्षकांना विचारावे.